जामीन राहण्याचा धंदा कसा झाला

अमेरिकेत तुरुंगाच्या आसपासच्या गल्लीत एक पाटी हटकून दिसते: 'बेल बॉण्ड्स, चोवीस तास'. अटक झालेल्याचे बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन झाले की जामिनाची रक्कम ठरते, कधी ठरलेल्या तक्त्यावरून, कधी न्यायाधीशासमोर. समजा, ती 20,000 डॉलर ठरली. घरच्यांकडे तेवढी रोकड असेल तर ती कोर्टात भरायची. आरोपी प्रत्येक तारखेला हजर राहिला तर खटला संपल्यावर ती बहुतांशी परत मिळते. नसेल तर पाटीखालच्या माणसाकडे जायचं. तो साधारण दहा टक्के, म्हणजे 2,000 डॉलर घेतो, आईची किंवा भावाची सही घेतो, रक्कम मोठी असेल तर घर नाहीतर गाडी तारण ठेवून घेतो आणि कोर्टाला लिहून देतो: हा आला नाही तर पूर्ण रक्कम मी भरीन. ते 2,000 मात्र गेले ते गेले. आरोपी निर्दोष सुटला तरी परत मिळत नाहीत.

अमेरिका आणि फिलिपिन्स सोडले तर हा धंदा असा उघडपणे जवळपास कुठेच चालत नाही. गंमत म्हणजे जामिनाची मूळ कल्पना ज्या इंग्लंडची, तिथे जामीनदाराला 'तुझं नुकसान भरून देतो' असं वचन देणं हाच 1976 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. कारण सरळ आहे. ज्याच्या खिशाला तोशीस लागणार नाही, तो आरोपीवर नजर कशाला ठेवील?

आपण मराठीत 'जामीन राहणे' म्हणतो. जामीन म्हणजे आधी माणूस, पैसा नंतर. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडमध्येही तसंच होतं. बऱ्याच गुन्ह्यांना शिक्षा म्हणून भरपाईच असे, म्हणून आरोपी पळाला तर तेवढी भरपाई त्याच्या जामीनदाराने, म्हणजे कुणा नातलगाने किंवा शेजाऱ्याने, द्यायची. नॉर्मन राजवटीत शरीरदंड आणि फाशी वाढली. न्यायाधीश फिरते, त्यांची फेरी येईपर्यंत महिनोन्महिने जात, आणि मधल्या काळात कुणाला सोडायचं हे शेरीफच्या, म्हणजे राजाच्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, हाती. त्याने त्यात हात ओले करून घेतले नसते तरच नवल. म्हणून 1275 च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने कुठल्या गुन्ह्यांत जामीन द्यायचा आणि कुठल्या नाही, हे लिहूनच टाकलं. अवाजवी जामीन मागू नये, हा 1689 चा इंग्रजी दंडक 1791 मध्ये अमेरिकेच्या आठव्या घटनादुरुस्तीत जवळपास शब्दशः उतरला.

शब्द उतरले, पण माणसं कुठून आणायची? कालपरवा गावात आलेल्याला जामीन राहणारा चुलता किंवा शेजारी नव्या मुलखात भेटत नसे. मग पैसे घेऊन जामीन राहणारे पुढे आले. सॅन फ्रान्सिस्कोचे मॅकडोनो बंधू त्यांतले सगळ्यांत गाजलेले. त्यांच्या वडिलांचा गुत्ता कोर्टाजवळ होता आणि वकील तिथे प्यायला येत. अशिलांसाठी जामीन भरून देणं ही आधी गिऱ्हाइकाची मर्जी राखायची गोष्ट होती. हेच वकील त्याबद्दल अशिलांकडून पैसे उकळतात असं कळल्यावर भावांनी स्वतःच दर लावला. 1898 च्या सुमाराचा हा प्रकार. पुढे शहरातल्या लाचखोरीवरच्या 1937 च्या चौकशी अहवालात याच पेढीला भ्रष्टाचाराचा उगम म्हटलं गेलं.

सर्वोच्च न्यायालयाने या मंडळींना आधीच मोठं बळ देऊन ठेवलं होतं. 1872 च्या टेलर विरुद्ध टेंटर खटल्यात म्हटलं गेलं की आरोपी जामीनदाराच्या ताब्यात आहे असंच समजायचं. तो त्याला दुसऱ्या राज्यात जाऊन पकडू शकतो, गरज पडली तर घरात घुसूनही. फरारींना शोधणारे खासगी शिकारी आजही त्याच वाक्यांवर उभे आहेत, जरी अनेक राज्यांनी त्यांना पुढे वेसण घातली. 1912 मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी तर कबूलच केलं, की आरोपीला हजर करण्यातला जामीनदाराचा रस आता निव्वळ पैशाचा उरला आहे.

हे चक्र उलटं फिरवायचा पहिला मोठा प्रयोग 1961 मध्ये मॅनहॅटनमध्ये झाला. व्हेरा फाउंडेशन या बिनसरकारी संस्थेची तरुण मुलं कोठडीतल्या आरोपींना साधे प्रश्न विचारत: कुठे राहतोस, किती वर्षं, घरी कोण, काम काय? उत्तरं पडताळून पाहिली की न्यायाधीशाला शिफारस जाई, याला नुसत्या शब्दावर सोडा. सुटलेले बहुतेक सगळे तारखेला आले. त्यातून 1966 चा फेडरल जामीन सुधारणा कायदा आला. 1984 च्या कायद्याने मात्र, समाजाला धोका वाटला तर खटल्याआधीच डांबून ठेवायची मुभा दिली आणि 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

राज्यांचं ज्याचं त्याचं वेगळं. केंटकीने 1976 मध्ये हा धंदा बंद केला. इलिनॉयने 1960 च्या दशकातच दहा टक्के थेट कोर्टात भरून घ्यायला सुरुवात करून दलाल हटवले होते. 18 सप्टेंबर 2023 पासून तिथे पैशाचा जामीनच उरलेला नाही. सोडायचं की ठेवायचं, एवढंच न्यायाधीश ठरवतो. बहुतेक राज्यांत मात्र ती पाटी अजून लागलेलीच आहे.