पीसीआर: विषाणूंच्या आधीची गोष्ट

करोनाच्या काळात पुण्यात ‘आरटी-पीसीआर केली का?’ हे ‘जेवलात का?’ इतक्या सहजपणे विचारलं जाई. त्याआधी, ऑगस्ट 2009 मध्ये, स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यातच झाला. तेव्हा नायडू रुग्णालयाबाहेर रांगा लागल्या आणि घशातल्या स्रावाचे नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत याच तंत्राने तपासले गेले. त्यामुळे पीसीआर म्हणजे विषाणूची चाचणी, हे समीकरण पुणेकरांच्या मनात घट्ट बसलं आहे. मुळात पीसीआर (पॉलिमरेज चेन रिॲक्शन) म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायची पद्धत, आणि तिचा इतिहास वेगळा आहे. या पद्धतीचा पहिला शोधनिबंध डिसेंबर 1985 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला, तो सिकलसेल या आनुवंशिक आजाराच्या गर्भनिदानाबद्दल होता. साऱ्या खटाटोपाचं लक्ष्य होतं डीएनएतलं (त्याची अक्षरं चारच: ए, टी, जी, सी) एक बदललेलं अक्षर.

कल्पना त्याहूनही जुनी. डीएनएची नक्कल करणारं पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) आर्थर कोर्नबर्ग यांनी 1956 मध्ये वेगळं केलं होतं. या विकराची एक खोड आहे: कोऱ्या धाग्यावर ते काम सुरू करत नाही. आधी कुणीतरी डीएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, धाग्याला चिकटवून द्यावा लागतो. मग तिथून पुढे ते अक्षरं जोडत जातं. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ हरगोविंद खुराना यांच्या प्रयोगशाळेतल्या शेल क्लेप्पे आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्येच लिहून ठेवलं होतं, की दोन बाजूंनी दोन प्रायमर लावले आणि धागे पुन्हा पुन्हा उलगडले, तर मधल्या तुकड्याच्या प्रती वाढवता येतील. ‘हा शोध खरा आपल्या खुरानांचा’ असं त्यामुळे अधूनमधून ऐकू येतं. अमेरिकेत पीसीआरच्या पेटंटच्या खटल्यात ड्यूपाँट कंपनीने हाच निबंध पुढे केला होता. 1991 मध्ये ज्यूरीने तो युक्तिवाद फेटाळला. माझ्या मते खुरानांकडे कल्पना होती, पण तिचं चीज करायला लागणारं सामान तेव्हा बाजारात नव्हतं. प्रायमर बनवायचा तर दोन्ही टोकांची अक्षरं माहीत हवीत, आणि जनुकं सहज वाचण्याच्या पद्धती आल्या 1977 च्या सुमारास. शिवाय 1971 मध्ये छोटा तुकडा हाताने बनवणं हेच मोठं जिकिरीचं काम होतं.

कॅलिफोर्नियातल्या सीटस कंपनीत कॅरी म्युलिस यांना हीच युक्ती 1983 मध्ये सुचली, तोवर प्रायमर बनवणं त्यांच्या रोजच्या कामाचा भाग झालं होतं. रात्रीच्या मोटारप्रवासात कल्पना सुचल्याचा त्यांचा किस्सा फार गाजला. 1993 चं नोबेलही मिळालं. पण ती प्रत्यक्षात चालवून दाखवण्यात रँडल साइकी, हेन्री अर्लिक यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा वाटा किती होता, हे त्या किश्शात हरवतं.

कृती सांगायला सोपी आहे. मिश्रण 95 अंशांपर्यंत तापवलं की डीएनएचे दोन धागे सुटे होतात. 55 अंशांच्या आसपास आणलं की प्रायमर आपापल्या जागी चिकटतात. 72 अंशांना विकर नवे धागे पुरे करतं. एका फेरीत दुप्पट, तीस फेऱ्यांत कागदावर शंभर कोटींच्या वर. प्रत्यक्षात थोडं कमी पडतं: 1985 च्या प्रयोगात वीस फेऱ्यांनंतर दहा लाखांऐवजी सुमारे दोन लाख वीस हजार पट वाढ मिळाली. निदानाला तेवढी पुष्कळ होती.

अडचण वेगळीच होती. सुरुवातीचं विकर 95 अंशांना मरायचं, म्हणून दर फेरीला ते नव्याने घालत बसावं लागे. उत्तर सापडलं अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या गरम झऱ्यांत. तिथे राहणाऱ्या थर्मस ॲक्वाटिकस या जिवाणूचं वर्णन थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी 1969 मध्ये केलं होतं. त्याचं उष्णता सोसणारं पॉलिमरेज ॲलिस चिएन आणि सहकाऱ्यांनी 1976 मध्ये वेगळं केलं. यांपैकी कुणाच्याही मनात पीसीआर असण्याचं कारण नव्हतं. हे ‘टॅक’ विकर आल्यावर नळी एकदा बंद केली की यंत्र आपलं आपण फेऱ्या मारतं.

आता ते एक अक्षर. सिकलसेलमध्ये बीटा-ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या जनुकात जीएजी या तीन अक्षरांचं जीटीजी होतं. ठरावीक अक्षरक्रम दिसला की तिथेच डीएनए कापणारी काही विकरं असतात. या बदलामुळे त्यांची कापायची जागाच नाहीशी होते. प्रती वाढवायच्या, विकर घालायचं, तुकडे झाले की नाही ते पाहायचं. 1989 मध्ये आणखी साधा मार्ग निघाला: प्रायमरचं शेवटचं अक्षर बदलाच्या जागीच बसेल असा तो बनवायचा. जुळलं तरच नक्कल पुढे सरकते.

पिंपरी कॅम्पमध्ये फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांची मोठी वस्ती आहे. सिंधी समाजात बीटा-थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक बरेच आढळतात, आणि त्यांच्यातला एक नेहमीचा दोष म्हणजे याच बीटा-ग्लोबिन जनुकातली 619 अक्षरं सलग गळालेली असणं. तो शोधायला पीसीआरइतकं सोयीचं काही नाही. गळालेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना प्रायमर ठेवले, की दोषी प्रत तेवढ्याने आखूड निघते आणि तुकडे लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलीसारख्या थरात (जेल) पुढे पळते. आई-वडील दोघेही वाहक असतील तर दर गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. म्हणून अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास वारेचा बारीक नमुना घेऊन तपासतात.

इथे पद्धतीची ताकदच आडवी येते. नमुन्यात आईच्या मोजक्या पेशी मिसळल्या तरी त्यांच्याही प्रती निघतात, आणि बाळाचा म्हणून आईचा निकाल हाती पडू शकतो. त्यासाठी आई आणि गर्भ यांच्या डीएनएतल्या इतर खुणा ताडून बघतात. दुसरा धोका याहून छुपा आहे: प्रायमर चिकटतो त्याच जागी एखादं अक्षर बदललेलं असेल, तर जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीची नक्कल होतच नाही. दोष त्याच प्रतीत असला, तर रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं.