दुर्मिळ फ्रेंच आडनावं आणि वॉटसनसाहेबांनी सोडून दिलेलं मूळ

इंटरनेटवर फ्रेंच आडनावांची 'घराण्याची चिन्हं' विकणारी दुकानं आहेत. आपण आडनाव टाइप करायचं, मग ढाल, सिंह, मुकुट असलेलं एक चित्र येतं आणि खाली लिहिलेलं असतं की हे अत्यंत दुर्मिळ आणि म्हणून अत्यंत कुलीन घराणं आहे, फ्रेम करून हवं असेल तर कार्ड नंबर टाका. यातलं 'दुर्मिळ' एकवेळ खरं असेल, पण 'म्हणून कुलीन' ही शुद्ध थाप आहे. एकतर ढालीवरचं चिन्ह एखाद्या विशिष्ट कुटुंबाचं असायचं, आडनावाचं नाही, त्यामुळे तेच आडनाव असलेल्या दुसऱ्या गावातल्या खाटकाचा त्याच्याशी काही संबंध नसायचा. आणि दुसरं म्हणजे आडनाव दुर्मिळ व्हायला राजरक्त वगैरे काही लागत नाही, नुसता योगायोग पुरतो. हा योगायोग कसा चालतो हे ज्या माणसाने पहिल्यांदा बरोबर सांगितलं तो फ्रेंचच होता आणि गंमत म्हणजे त्याचं स्वतःचं आडनाव चांगलंच दुर्मिळ होतं.

इरेने-ज्यूल ब्यांनेमे. जन्म पॅरिस १७९६, मृत्यू १८७८. नोकरी फ्रान्सच्या अर्थखात्यात इन्स्पेक्टरची, १८४८ च्या क्रांतीत ती गेली, आणि डोकं कायम संभाव्यतेच्या गणितात. संख्याशास्त्र शिकलेल्यांना चेबिशेव्हची असमानता आठवत असेल, ती ब्यांनेमेने १८५३ मध्ये म्हणजे चेबिशेव्हच्या चौदा वर्षं आधी लिहिली होती, आणि तरी याने चेबिशेव्हचं लिखाण रशियनमधून फ्रेंचमध्ये आणलं, भांडत बसला नाही. आडनावाचा उगम साधा आहे, 'ब्यां' म्हणजे चांगलं आणि 'एमे' म्हणजे प्रेम केलेला, थोडक्यात लाडका. मध्ययुगात कुणाला तरी लाडाने असं म्हणायचे आणि ते चिकटलं. काहींच्या नावात मधे 'आय' आहे, काहींच्या नावात जुन्या वळणाचा 'वाय', की झाली दोन आडनावं.

फ्रेंच आडनावं बहुतेक अशीच आली आहेत. १२व्या-१३व्या शतकापासून एकाच गावात दहा-दहा ज्यां आणि पिएर झाल्यावर ओळखायला काहीतरी लागतं, मग बापाचं नाव (मार्टिन, आज फ्रान्समधलं सगळ्यात कॉमन आडनाव), धंदा (लफेव्र म्हणजे लोहार), जागा (द्युबुआ म्हणजे रानाजवळचा), नाहीतर टोपणनाव (लग्राँ म्हणजे उंच). १५३९ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने व्हिलेर-कोत्रे इथून हुकूम काढला की पाद्र्यांनी बाप्तिस्म्यांचं रजिस्टर ठेवायचं. १७९४ मध्ये क्रांतिकारकांनी कायदा केला की जन्मनोंदीत आहे त्याशिवाय दुसरं नाव लावायचं नाही. तरी स्पेलिंग हलतच राहिलं, कारण सांगणाऱ्याला लिहिता येत नाही आणि लिहिणारा आपल्या कानाला पटेल तसं लिहितो. १८७७ मध्ये प्रत्येक कुटुंबाला नोंदींची छोटी पुस्तिका द्यायला लागले तेव्हा कुठे ते बरंचसं थांबलं. हे पुस्तिका प्रकरण का आलं तर १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनच्या (शहरातल्या बंडखोर सरकारच्या) धामधुमीत शहराची १८६० च्या आधीची जन्म-मृत्यूची रजिस्टरं दोन्ही प्रतींसकट जळाली, नंतर खटपट करून जेमतेम एक तृतीयांश नोंदी परत उभ्या करता आल्या.

आता आकडा बघा. इन्से म्हणजे फ्रान्सची सरकारी आकडेवारी संस्था, तिच्याकडे १८९१ ते १९९० या शंभर वर्षांतल्या जन्मांची आडनावांची यादी आहे आणि त्यात तेरा लाखांहून जास्त वेगवेगळी आडनावं आहेत. थोडी प्रचंड मोठी आणि बाकी इवलीइवली अशी वाटणी. बाहेरून आलेल्या लोकांची नावं आणि स्पेलिंगचे घोळ यातून बरीच इवली नावं आली हे खरं, पण मूळची सगळी नावं एकाच रेषेवरून धावायला निघाली असती तरीही असंच झालं असतं. हे कसं ते मला सांगायचंय, आणि इथून पुढे जरा कागद-पेन घेऊन बसा.

समजा एका गावात १००० पुरुष आहेत आणि प्रत्येकाचं आडनाव वेगळं. आडनाव फक्त मुलग्याकडून पुढे जातं (जुना फ्रेंच रिवाज). प्रत्येक पुरुष दोन नाणी उडवतो, जितके छापे तितके मुलगे. म्हणजे शून्य मुलगे १/४, एक मुलगा १/२, दोन मुलगे १/४. सरासरी बरोबर एक, त्यामुळे गावाची लोकसंख्या ना वाढते ना घटते. कुणी श्रीमंत नाही, कुणी रोगट नाही, कुणाला शाप नाही. पहिल्याच पिढीत अडीचशे आडनावं गायब, कारण २५ टक्के लोकांना मुलगाच नाही. दुसऱ्या पिढीपर्यंत संपण्याची शक्यता ३९ टक्के, तिसरीला ४८, पाचवीला ६०, दहावीला ७४. हे काढायचं कसं तर मागच्या पिढीचा आकडा घ्या, त्यात १ मिळवा, अर्धं करा, वर्ग करा, झालं. (कारण प्रत्येक नाण्याला एकतर काटा पडला पाहिजे, किंवा छापा पडून झालेल्या मुलाचा वंश उरलेल्या पिढ्यांत संपला पाहिजे, आणि नाणी दोन आहेत म्हणून वर्ग.) दहा पिढ्या म्हणजे साधारण तीनशे वर्षं. तेवढ्यात १००० आडनावांची २६० च्या आसपास राहिली, आणि माणसं अजून १००० च आहेत, म्हणजे उरलेल्या प्रत्येक आडनावाचे सरासरी चार पुरुष. त्यातही काहींचे दहा-पंधरा आणि पुष्कळांचा एकेकच. तुम्ही आत्ता गावात आलात तर म्हणाल, बघा हे मोठं घराणं, ते दुर्मिळ घराणं, काहीतरी कारण असणार. कारण काहीही नाही, नाणी आहेत.

आता तेच आडनाव एकाऐवजी दहा पुरुषांपासून सुरू झालं असेल तर? दहाच्या दहा शाखा संपल्या पाहिजेत, म्हणजे ०.७४ चा दहावा घात, साधारण ५ टक्के. पन्नास पुरुष असतील तर संपण्याची शक्यता जवळजवळ शून्य. म्हणून जे दुर्मिळ आहे तेच मरतं आणि मार्टिनला हात लागत नाही, कारण मार्टिन हे बाप्तिस्म्याचं नाव असल्याने हजार गावांत स्वतंत्रपणे सुरू झालं होतं, आणि ब्यांनेमेसारखं टोपणनाव थोड्याच ठिकाणी.

फ्रान्सला हे सरासरी-एकचं गणित इतकं चपखल बसतं की मला दरवेळी मजा वाटते. १३४७-४८ च्या प्लेगच्या आधी आजच्या फ्रान्सच्या हद्दीत माणसं दोन कोटींच्या आसपास आणि १७०० सालीही दोन कोटींच्या आसपासच. मधे प्लेग, शंभर वर्षांचं युद्ध, धर्मयुद्धं, घट आणि भर, पण एकूण हिशेब सपाट. म्हणजे आडनावं पक्की होत असताना आणि झाल्यावर शतकानुशतकं हीच चाळणी चालू होती. पुढे १८०१ ते १९११ मध्ये इंग्लंड-वेल्सची लोकसंख्या चौपट झाली आणि फ्रान्सची निम्म्यानेही वाढली नाही.

ब्यांनेमेने १८४५ मध्ये पॅरिसच्या सोसिएते फिलोमातिक या विद्वत्सभेपुढे एक टिपण वाचलं, विषय कुटुंबांची वाढ आणि टिकाव. तेव्हा तिकडे फ्रान्समधली सरदार घराणी का संपतात यावर चर्चा चालली होती, ऐषोराम, अधःपतन वगैरे नेहमीची कारणं. ब्यांनेमे म्हणाला की सरासरी मुलगे एकपेक्षा कमी असतील तर नाव नक्की संपणार, बरोबर एक असेल तरीही संपणार पण हळू, आणि एकपेक्षा जास्त असेल तर संपण्याची शक्यता असते पण ती पूर्ण शंभर टक्के नसते. तंतोतंत बरोबर. पण सिद्धता दिली नाही, नंतर देतो म्हणाला, आणि टिपण विसरलं गेलं ते थेट १९७२ मध्ये हाइड आणि सेनेटा या दोन संख्याशास्त्रज्ञांनी शोधून काढेपर्यंत.

मधल्या काळात काय झालं तर १८७३ मध्ये इंग्लंडात फ्रान्सिस गॉल्टनने हाच प्रश्न एका शैक्षणिक मासिकात कोडं म्हणून टाकला. उत्तर पाठवलं रेव्हरंड हेन्री वॉटसनने, १८७४ मध्ये दोघांच्या नावाने पेपर आला, आणि तो चुकला. चूक एवढी सुंदर आहे की दहावीच्या बीजगणितावर समजते. समजा मुलगे शून्य १/४, एक १/४, दोन १/२. सरासरी सव्वा, म्हणजे वाढती लोकसंख्या. नाव कधीतरी संपण्याची शक्यता क्ष धरा. मग क्ष = १/४ + १/४ क्ष + १/२ क्ष², कारण एकतर मुलगाच नाही, किंवा एक आहे आणि त्याचा वंश संपला, किंवा दोन आहेत आणि दोघांचेही संपले. आवरलं की २क्ष² − ३क्ष + १ = ०. वर्गसमीकरण, मुळं दोन, १ आणि १/२. वॉटसनला १ हे मूळ दिसलं (ते नेहमीच असतं, सगळ्या शक्यतांची बेरीज १ असते ना), त्याने निष्कर्ष काढला की सगळी आडनावं शेवटी नामशेष होणार, आणि दुसऱ्या मुळाकडे बघितलंच नाही. खरं उत्तर १/२. पडताळा हवा तर शून्यापासून पिढीपिढीने चढत जा, ०.२५, ०.३४, ०.४०, ०.४३, आकडा हळूहळू अर्ध्याजवळ जाऊन अडकतो, अर्धा ओलांडून एकपर्यंत जाणं त्याला शक्यच नाही. मुलग्यांच्या शक्यता काहीही घ्या, सरासरी एकच्या वर असली की एकपेक्षा लहान मूळ असतंच आणि तेच उत्तर. आलेख काढला तर वक्र रेषेला कर्ण एकदा छेदतो की दोनदा एवढाच प्रश्न आहे. (इथे काही जण सुटले असतील, हरकत नाही, पुढे सोपं आहे.)

हे गणित १९२७ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेनने नव्या जनुकांसाठी वापरलं, एखादा उपयोगी बदल एकाच जिवात आला तर तो टिकेल की पहिल्या दोन-चार पिढ्यांतच विझेल यासाठी. हेच हाल्डेन १९५७ मध्ये कलकत्त्याला येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. पुढे लोट्का या लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९२० च्या सुमाराचे अमेरिकन गोऱ्या पुरुषांचे आकडे घालून बघितले, लोकसंख्या झपाट्याने वाढत असूनही एका पुरुषापासून निघालेलं नाव संपण्याची शक्यता ८२ टक्के निघाली. आणि गॉल्टन? थोर घराणी संपतात या काळजीतून त्याने कोडं घातलं, 'चांगल्या वंशाची' पैदास करायची म्हणून युजेनिक्सचं विषारी खूळ काढलं, आणि स्वतःला मूल नव्हतं. रक्त, घराणं, खानदान या गोष्टींचा अभिमान ज्यांना फार आहे त्यांनी हे नाण्यांचं गणित एकदा करून बघावं, मग आडनावाच्या स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घालून नशीब उघडणाऱ्या आपल्याकडच्या अंकशास्त्रवाल्यांकडे जावं.

सरासरी एकच्या फार वर गेली तर काय होतं ते बघायला अटलांटिकपलीकडे जावं लागतं. पिएर त्राँब्ले हा नॉर्मंडीच्या दक्षिणेच्या पेर्श भागातल्या राँदोने गावचा माणूस, १६४७ मध्ये न्यू फ्रान्सला म्हणजे आजच्या क्वेबेकला गेला, १६५७ मध्ये ओझान आशोँशी लग्न केलं, बारा मुलं झाली. तिकडे जमीन रिकामी, खायला भरपूर आणि कुटुंबं अफाट मोठी. आज क्वेबेकमध्ये शंभरातल्या एकाहून जास्त माणसांचं आडनाव त्राँब्ले आहे, तिथलं पहिल्या नंबरचं, सागने भागात तर विचारूच नका, आणि हे सगळे त्या एका पिएरपासून. पहिल्या दोन पिढ्या ज्याच्या निभावल्या त्याचं नाव फोफावलं. त्याच्या बरोबरीने आलेले आणि मुलगा न होता गेलेले पुष्कळ होते, त्यांची नावं आता फक्त रजिस्टरमध्ये आहेत.

गणिताची एक खोट मात्र सांगितली पाहिजे. नाणी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं आपण धरलं. दुर्मिळ आडनाव बहुतेकदा एकाच खोऱ्यातलं, एकाच तालुक्यातलं असतं, आणि १९१४ मध्ये फ्रेंच पायदळाच्या रेजिमेंट भरती व्हायच्या त्या प्रदेशवार. म्हणजे भाऊ, चुलतभाऊ, एकाच आडनावाचे सगळे तरुण एकाच तोफखान्यासमोर. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे १३ लाखांहून जास्त सैनिक मेले. नावं संपतायत हे इतकं ठळक जाणवलं की २ जुलै १९२३ ला कायदाच केला, देशासाठी मेलेल्या आणि मागे वारस नसलेल्या माणसाचं आडनाव नातेवाइकांना लावता यावं म्हणून. आजही फ्रेंच नागरी संहितेत नाव बदलण्याचं कायदेशीर कारण म्हणून 'पूर्वजाचं किंवा नातेवाइकाचं नाव संपू नये' हे चालतं, नात्याच्या चौथ्या पायरीपर्यंत (उदाहरणार्थ सख्खा चुलतभाऊ).

मग २००५ पासून आईचं आडनाव लावायची मोकळीक आली (कायदा २००२ चा), आता दुर्मिळ नावं वाचणार असा बराच गाजावाजा झाला. मला हे पटत नाही. हिशेब करा. जुन्या पद्धतीत नाव लावणाऱ्या दर दोन माणसांपैकी एक, म्हणजे पुरुष, आपल्या सगळ्या मुलांना नाव देणार. नव्या पद्धतीत आईबापांनी नाणं उडवून ठरवलं तरी दर दोघांपैकी एकच नाव देणार, कारण सख्ख्या भावंडांना एकच आडनाव लागतं. सरासरी तीच राहिली, म्हणजे चाळणीही तीच. दोन्ही जोडून लावलं तरी पुढच्या पिढीला प्रत्येकाकडून एकच नाव देता येतं, त्यामुळे निकाल फक्त एक पिढी लांबतो. वर २०२४ मध्ये फ्रान्सचा प्रजनन दर म्हणजे दर बाईमागे मुलं १.६२, नाव देणारा दोघांतला एकच म्हणून त्याच्या निम्मी, सरासरी ०.८१, एकच्या बरीच खाली. फरक पडेल तो एकाच गोष्टीने, नाणं न उडवता जोडप्याने मुद्दाम दोघांतलं दुर्मिळ नाव निवडलं तर. मार्टिनबाई आणि ब्यांनेमेबुवा असतील तर मुलं ब्यांनेमे, आणि ब्यांनेमेबाई आणि मार्टिनबुवा असतील तरीही मुलं ब्यांनेमेच, मग त्या नावाची सरासरी सरळ दुप्पट, १.६२. पण कायदा आल्यावरही दहापैकी आठांहून जास्त बाळांना बापाचंच आडनाव लागत होतं. जुलै २०२२ पासून सज्ञान माणसाला नगरपालिकेत एक साधा अर्ज भरून दुसऱ्या पालकाचं आडनाव घेता येतं, पण तो अर्ज करताना आपलं कुठलं नाव किती जणांचं उरलंय हे बघायची सक्ती कुणावर नाही.