टीसीयूचा बिग ट्वेल्व्ह प्रवेश

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या फोर्ट वर्थ शहरातील टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी (टीसीयू) या खासगी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ १ जुलै २०१२ रोजी माउंटन वेस्ट ही परिषद सोडून बिग ट्वेल्व्ह या बलाढ्य परिषदेत दाखल झाला. या संघाला हॉर्न्ड फ्रॉग्ज म्हणतात. हे नाव टेक्ससच्या कोरड्या मुलखात आढळणाऱ्या एका काटेरी सरड्याचे आहे. संकटात सापडला की हा सरडा डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतो. संघाचा रंग जांभळा. महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये परिषदा बदलणारे संघ पुष्कळ आहेत, पण वरच्या पातळीवर गेल्यावर नेमके काय घडते, हे टीसीयूच्या पहिल्या तीन हंगामांइतके स्पष्ट क्वचितच दिसते.

इथे फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यांवरची जाड गादी आणि यार्डायार्डाने पुढे सरकण्याची झुंज असा हा खेळ. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ लाखभर प्रेक्षकांसमोर खेळतात. हे संघ ‘कॉन्फरन्स’ नावाच्या गटांत विभागलेले असतात. कॉन्फरन्स म्हणजे विद्यापीठांनी आपापसांत करार करून बांधलेली मोट. सामन्यांचे वेळापत्रक, विजेतेपद आणि दूरचित्रवाणीच्या हक्कांचा पैसा तिच्यातूनच वाटला जातो. रणजी करंडकात प्लेट गट जिंकणारा संघ एलिट गटात चढतो, तशी बढती इथे नाही. कितीही सामने जिंकले तरी वरच्या परिषदेचे बोलावणे आल्याशिवाय दार उघडत नाही. ते बोलावणे येताना गुणफलकाबरोबर शहराची बाजारपेठ, स्टेडियम, देणगीदार आणि नकाशावरची जागाही पाहिली जाते.

टीसीयूची व्यथा अशी की हे दार एकेकाळी त्याचे स्वतःचे होते. १९२३ पासून हा संघ साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये टेक्सस, टेक्सस ए अँड एम, बेलर या शेजारच्या विद्यापीठांबरोबर खेळत असे. १९३०च्या दशकात सॅमी बॉ आणि डेव्ही ओब्रायन हे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हाती घेऊन पास टाकणारे खेळाडू, इथेच घडले. ओब्रायनला १९३८ मध्ये सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूचा हाइझमन पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी संघ राष्ट्रीय विजेता ठरला. १९६०नंतर मात्र उतरती कळा लागली. १९८०च्या दशकात साउथवेस्ट कॉन्फरन्समधल्या अनेक संघांवर खेळाडूंना चोरून पैसे दिल्याबद्दल कारवाई झाली, आणि त्यांत टीसीयूही होता. दरम्यान १९८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दूरचित्रवाणीच्या हक्कांवरील एनसीएए या मध्यवर्ती संस्थेची मक्तेदारी मोडीत काढली. तेव्हापासून कोणत्या परिषदेत कोण आहे, याला रोकड किंमत आली. एकाच राज्यात अडकलेली साउथवेस्ट कॉन्फरन्स या बाजारात टिकण्यासारखी नव्हती.

१९९६ मध्ये ती संपली. टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टेक्सस टेक आणि बेलर या चौघांनी जुन्या बिग एट परिषदेशी हातमिळवणी करून बिग ट्वेल्व्ह उभी केली. टीसीयू, एसएमयू, राइस आणि ह्यूस्टन ही चार विद्यापीठे मागे राहिली. बेलरची निवड राज्यातल्या राजकीय वजनामुळे झाली, असे टेक्ससमध्ये आजही बोलले जाते. कारण काही असो, बेलरशी १८९९ पासून खेळणाऱ्या टीसीयूला हा घाव खोल लागला. दोन्ही विद्यापीठे एकेकाळी वेको या एकाच गावात होती. टीसीयू १९१० मध्ये फोर्ट वर्थला आले, तरी अंतर जेमतेम दीड तासाचे.

पुढची सोळा वर्षे म्हणजे बिऱ्हाड पाठीवर घेऊन केलेली वणवण. १९९६ मध्ये वेस्टर्न अ‍ॅथलेटिक कॉन्फरन्स, २००१ मध्ये कॉन्फरन्स यूएसए, २००५ मध्ये माउंटन वेस्ट. १९९७ च्या हंगामात संघाने अकरापैकी एकच सामना जिंकला. मग डेनिस फ्रँकिओनी प्रशिक्षक झाले, लडेनियन टॉमलिन्सन नावाचा, चेंडू घेऊन धावणारा धावपटू उदयाला आला आणि १९९९ मध्ये त्याने यूटेप या विद्यापीठाविरुद्ध एका सामन्यात ४०६ यार्ड धावून काढले. २००० च्या अखेरीस सूत्रे गॅरी पॅटरसन यांच्या हाती आली. पॅटरसन हे बचावाचे गुरू. पाच खेळाडू मागे ठेवणारी त्यांची ४-२-५ रचना वेगवान पण अंगाने हलक्या मुलांकडून भक्कम काम करून घेई. मोठ्या विद्यापीठांनी नाकारलेली मुले निवडायची, त्यांची जागा बदलायची आणि तीन-चार वर्षे घासूनपुसून तयार करायची, ही त्यांची पद्धत.

या पद्धतीने जे घडवले ते थक्क करणारे आहे. २००५ मध्ये टीसीयूने ओक्लाहोमाला त्यांच्याच मैदानावर १७-१० असे हरवले. २००९ मध्ये नियमित हंगामातील बाराही सामने जिंकले. २०१० मध्ये एकही सामना न गमावता १ जानेवारी २०११ रोजी रोझ बोल या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात विस्कॉन्सिनवर २१-१९ अशी मात केली. बरोबरीसाठी टाकलेला शेवटचा पास टँक कार्डरने हाताने खाली पाडला. १३ विजय, शून्य पराभव, तरीही क्रमवारीत दुसरे स्थान. राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना ऑबर्न आणि ऑरेगन यांच्यात झाला, कारण ‘तुम्ही कुणाला हरवलंत?’ या प्रश्नाला माउंटन वेस्टमधल्या संघाकडे पुरेसे वजनदार उत्तर नसे. हा अन्याय होता असे अनेकांचे मत होते. मात्र त्या प्रश्नात तथ्यही होते, हे पुढे दिसले.

नोव्हेंबर २०१० मध्ये टीसीयूने बिग ईस्ट या पूर्व किनाऱ्यावरच्या परिषदेचे आमंत्रण स्वीकारले. भूगोलाच्या दृष्टीने हा विचित्र सौदा होता, पण बिग ईस्टच्या विजेत्याला मोठ्या बोल सामन्यात हक्काची जागा मिळे. सप्टेंबर २०११ मध्ये सिरॅक्यूज आणि पिट्सबर्ग यांनी ती परिषद सोडण्याचे जाहीर केले आणि पायाच डळमळला. त्याच महिन्यात टेक्सस ए अँड एमने बिग ट्वेल्व्ह सोडून एसईसी या दुसऱ्या परिषदेत जायचे ठरवले. नेब्रास्का आणि कोलोरॅडो आधीच गेले होते. बिग ट्वेल्व्हला आता माणसे हवी होती. १९९६ मध्ये ज्या दाराबाहेर ठेवले तेच दार ऑक्टोबर २०११ मध्ये आतून उघडले गेले. बिग ईस्टमध्ये एकही सामना न खेळता टीसीयूने ५० लाख डॉलरचा दंड भरला आणि घरची वाट धरली.

आर्थिक फरक प्रचंड होता. सप्टेंबर २०१२ मध्ये बिग ट्वेल्व्हने ईएसपीएन आणि फॉक्सशी १३ वर्षांचा सुमारे २६० कोटी डॉलरचा करार जाहीर केला. नव्या सदस्याला पहिल्या वर्षी निम्माच वाटा मिळणार होता, पण तोही माउंटन वेस्टच्या मानाने कित्येक पट होता. १९३० मध्ये बांधलेल्या एमन जी. कार्टर स्टेडियमची सुमारे १६.४ कोटी डॉलर खर्चून, बहुतांशी देणग्यांतून, जवळपास नव्याने उभारणी झाली. क्षमता ४५ हजारांच्या आसपास ठेवली. हजारो आसने वाढवण्यापेक्षा नेटके मैदान बांधण्याचा तो निर्णय सुमारे दहा हजार विद्यार्थ्यांच्या विद्यापीठाला शोभणारा होता.

मैदानावरचा फरक पैशांत मोजता येत नाही. माउंटन वेस्टमधल्या शेवटच्या तीन हंगामांत टीसीयूने परिषदेतील अनुक्रमे आठ, आठ आणि सात सामने खेळले आणि २३ चे २३ जिंकले. बिग ट्वेल्व्हच्या पहिल्या हंगामात चार विजय आणि पाच पराभव, दुसऱ्यात दोन विजय आणि सात पराभव. पॅटरसन तेच, खेळाची रचना तीच, मैदान नवे. मग बदलले काय?

बदलला तो आठवड्यांचा सलग ताण. खालच्या परिषदेतला चांगला संघ वर्षातून एक-दोनदा मोठ्या प्रतिस्पर्ध्यासाठी महिनोन्‌महिने तयारी करतो. त्या एका दुपारी तो कुणालाही हरवू शकतो, आणि टीसीयूने तसे हरवलेही होते. पण दहा संघांच्या बिग ट्वेल्व्हमध्ये प्रत्येकाला इतर नऊ जणांशी खेळावेच लागे. तिथे दमलेल्या मुख्य खेळाडूला तिसऱ्या सत्रात बाहेर बसवता येईल असा सोपा शनिवार फारसा येत नाही. पुढच्या फळीतला एखादा लाइनमन गुडघा धरून खाली बसला की त्याच्या जागी येणारा दुसरा, आणि त्यानंतरचा तिसराही, त्याच तोलाचा लागतो. संघाची खोली म्हणतात ती हीच. ८५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा दोन्ही परिषदांतल्या संघांना सारखीच होती. फरक होता तो साठाव्या-सत्तराव्या खेळाडूच्या दर्जात.

२०१२ च्या हंगामात हे एकेक करून समोर आले. १५ सप्टेंबरला परिषदेतला पहिला सामना कॅन्ससविरुद्ध २०-६ असा जिंकला, पण त्यातच धावपटू वेमन जेम्स जखमी होऊन हंगामाला मुकला. चार सामने झाल्यावर क्वार्टरबॅक केसी पॅचॉलही संघाबाहेर गेला. त्याच्या जागी ट्रेव्हॉन बॉयकिन हा नवखा मुलगा उभा राहिला आणि पुढच्याच शनिवारी आयोवा स्टेटने घरच्या मैदानावर ३७-२३ असे हरवले. लगेच पुढच्या आठवड्यात वेकोमध्ये बेलरचा ४९-२१ असा धुव्वा उडवला, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी टेक्सस टेककडून तीन जादा सत्रांनंतर ५६-५३ असा पराभव. वेस्ट व्हर्जिनियात जाऊन ३९-३८ असा निसटता विजय मिळवला. थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या रात्री ऑस्टिनमध्ये टेक्ससला २०-१३ असे हरवले. सोळा वर्षे ज्या घराबाहेर बसावे लागले, त्या घराच्या मालकालाच दिवाणखान्यात नमवल्यासारखा तो विजय होता. तरी हंगाम संपला सात विजय आणि सहा पराभवांवर.

२०१३ त्याहून कडू. एकूण बारा सामन्यांपैकी चारच जिंकता आले. गंमत म्हणजे बचाव फारसा ढासळला नव्हता. धावफलक हलेना तो आक्रमणामुळे. बिग ट्वेल्व्ह ही त्या काळात मैदानभर पसरून झपाट्याने पास टाकणाऱ्यांची परिषद होती. चेंडू जमिनीवरून हळूहळू पुढे नेऊन बचावाच्या बळावर सामना काढण्याची टीसीयूची सवय इथे अपुरी पडली. पॅटरसन यांचे मोठेपण त्यांनी या वेळी जे केले त्यात आहे. बचावाच्या या तज्ज्ञाने डग मीचम आणि सनी कंबी या दोघांना आणून आक्रमणाची घडी पूर्णपणे मोडून नवी घालू दिली. प्रतिस्पर्ध्याचीच भाषा शिकायची, पण आपला बचाव सोडायचा नाही.

परिणाम एका वर्षात दिसला. २०१४ मध्ये टेक्सस टेकविरुद्ध ८२ गुण झाले. ज्या बॉयकिनने दोन वर्षांपूर्वी अडखळत सुरुवात केली होती, तो हाइझमनच्या मतदानात चौथा आला. बारा विजय, एक पराभव. तो एक पराभव मात्र बेलरकडून: चौथ्या सत्रात ५८-३७ अशी आघाडी असताना सामना ६१-५८ असा निसटला. त्यामुळे दोघे परिषदेचे संयुक्त विजेते ठरले. चार संघांची राष्ट्रीय प्लेऑफ स्पर्धा त्याच वर्षी प्रथम सुरू झाली होती. शेवटच्या आठवड्याआधी तिसऱ्या क्रमांकावर असलेला टीसीयू आयोवा स्टेटला ५५-३ असे चिरडूनही सहाव्यावर घसरला आणि वगळला गेला. अंतिम सामना नसलेल्या परिषदेला एकमेव विजेता दाखवता येईना, याची झळ त्यात होती. पीच बोलमध्ये ओले मिसवर ४२-३ असा विजय हे टीसीयूचे उत्तर. बिग ट्वेल्व्हने २०१७ पासून अंतिम सामना पुन्हा सुरू केला.

अशीच चढण इतरांनीही चढली आहे. माउंटन वेस्टमधलाच युटा संघ २०११ मध्ये पॅक-१२ परिषदेत गेला. २०१२ आणि २०१३ या दोन्ही हंगामांत त्याचे पाच विजय आणि सात पराभव झाले, आणि परिषदेचे विजेतेपद मिळायला २०२१ उजाडले. टीसीयूचा जुना शेजारी एसएमयू २०२४ मध्ये एसीसी या परिषदेत आला तो नऊ वर्षांच्या प्रक्षेपण-उत्पन्नावर पाणी सोडून. तरीही पहिल्याच वर्षी परिषदेतले आठही साखळी सामने जिंकून त्याने प्लेऑफ गाठले. त्यामागे बदललेले नियमही आहेत. २०२१ पासून खेळाडूंना एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळण्याची मुभा मिळाली. पॅटरसन यांना जी खोली भरती-भरतीने, वर्षावर्षाने साठवावी लागली, ती आता पैसा असल्यास एका उन्हाळ्यात जमवता येते.

पॅटरसन ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी पायउतार झाले. २०२२ मध्ये सनी डाइक्स यांच्या हाताखाली संघाने नियमित हंगामातील बाराही सामने जिंकले, प्लेऑफच्या उपांत्य फेरीत मिशिगनला ५१-४५ असे हरवले आणि अंतिम फेरीत जॉर्जियाकडून ६५-७ असा दारुण पराभव पत्करला. अंतिम फेरीपर्यंत पोहोचणारा टीसीयू हा टेक्ससमधला प्लेऑफच्या इतिहासातला पहिला संघ.

२०२३ मध्ये बिग ट्वेल्व्हने बीवाययू, सिनसिनाटी, यूसीएफ आणि ह्यूस्टन या चार नव्या सदस्यांना आत घेतले. १९९६ मध्ये टीसीयूबरोबर बाहेर राहिलेला ह्यूस्टनही अखेर आला. १६ सप्टेंबर रोजी या परिषदेतला त्याचा पहिला सामना टीसीयूशीच झाला आणि टीसीयूने तो ३६-१३ असा जिंकला. ह्यूस्टनचा तो हंगाम एकूण चार विजय आणि आठ पराभव, परिषदेत दोन विजय आणि सात पराभव असा संपला. दहा वर्षांपूर्वीच्या टीसीयूच्या आकड्यांशी तंतोतंत जुळणारा.