योम्सव्हायकिंग

योम्सव्हायकिंग : बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरील योम्सबोर्ग या कोटात राहणारा पेशेवर लढवय्यांचा संघ. काळ दहाव्या शतकाचा उत्तरार्ध. आपल्याला तो ओळखीचा आहे तो मुख्यतः आइसलँडमध्ये सु. १२०० नंतर लिहिल्या गेलेल्या सागांमुळे (गद्य वीरकथांमुळे). वयाची अट, बायकांना मज्जाव, लुटीची समान वाटणी, एकमेकांचा सूड घेण्याची शपथ अशा कडक नियमांसाठी तो प्रसिद्ध आहे. योम (योम्सबोर्गचा परिसर) येथे एखादी डॅनिश शिबंदी असावी, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. मात्र नियमांनी बांधलेला, स्वतंत्र बाण्याचा ‘संघ’ ही दोनशे वर्षांनंतरच्या लेखकांनी घडवलेली प्रतिमा असावी, हे मत अधिक पटण्याजोगे आहे.

नावाचा मराठीत रूढ होऊ पाहणारा ‘जोम्स’ हा उच्चार इंग्रजीमार्गे आला आहे. जुन्या नॉर्स (स्कँडिनेव्हियाच्या मध्ययुगीन) भाषेत नावाच्या आरंभीचे ‘j’ हे अक्षर ‘य’सारखे उच्चारले जात असल्याने येथे ‘योम’ असे लिहिले आहे.

साधने : या संघाची स्वतंत्र साग सामान्यतः तेराव्या शतकाच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांतील मानली जाते, काहींच्या मते ती सु. १२०० इतकी जुनी असावी. ऑर्कनीचा बिशप बियार्नी कोल्बेइन्सन (मृ. १२२३) याने याच कथेवर दीर्घ काव्य रचले, म्हणजे तोपर्यंत कथा चांगलीच पसरली होती. सागेचे पाठ मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. सर्वांत जुने हस्तलिखित तेराव्या शतकाच्या अखेरचे, स्टॉकहोमची प्रत चौदाव्या शतकाच्या आरंभीची, फ्लाटेयारबोक या जाडजूड ग्रंथातील पाठ १३८७ नंतरचा आणि आणखी एक प्रत सोळाव्या शतकाची. याखेरीज आइसलँडचा विद्वान आर्नग्रीमुर योन्सन याने सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात केलेला लॅटिन अनुवाद आहे. त्याच्यासमोरची मूळ प्रत आज हरवलेली आहे. माणसांची संख्या, जहाजांची संख्या, कोणी काय म्हटले, हे पाठागणिक बदलते. त्यात ‘शंभर’ या शब्दाची आणखी एक मेख आहे. जुन्या नॉर्समध्ये तो पुष्कळदा १२० या अर्थी येतो, त्यामुळे योम्सबोर्गच्या बंदरात मावणारी ‘तीनशे’ जहाजे एका अनुवादात ३०० आणि दुसऱ्यात ३६० होतात. आकड्यांवर वाद घालणाऱ्यांनी आधी एवढे पाहावे.

समकालीन पुरावा तुटपुंजा आहे. हियोरुंगावाग येथील (नॉर्वेच्या किनाऱ्यावरील, सु. ९८६) लढाईवर रचलेल्या दरबारी कवींच्या (स्काल्डांच्या) कडव्यांत डॅनिश ताफ्याचा आणि ‘वेंड’ म्हणजे स्लाव्ह लोकांचा उल्लेख येतो. ‘योम्सव्हायकिंग’ हे नाव येत नाही. स्वीडिश इतिहासकार लाउरिट्स वायबुल याने १९११ मध्ये नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले. सागा बाजूला ठेवून केवळ समकालीन कडवी प्रमाण मानली, तर संघ नाहीसा होतो आणि नॉर्वेवर चालून गेलेले एक डॅनिश आरमार तेवढे उरते, असा त्याचा निष्कर्ष होता. वायबुलची कसोटी अनेकांना फार कठोर वाटली. पुढे तिच्यात मुरड घातली गेली, पण तिला पूर्ण बगल देऊन कोणी लिहिलेले नाही.

स्थापना व स्थान : सागेनुसार संघाचा संस्थापक फ्यून बेटावरचा पाल्नाटोकी. डेन्मार्कचा राजा हाराल्ड (ज्याच्या ‘ब्लूटूथ’ या टोपणनावावरून आजच्या बिनतारी तंत्राला नाव मिळाले) याच्याशी त्याचे हाडवैर. वेंडांचा राजा बुरिस्लाव्ह याने त्याला योम हा मुलूख दिला आणि बदल्यात राज्याचे रक्षण मागितले. बाराव्या-तेराव्या शतकातलीच दुसरी परंपरा याच्या अगदी उलट आहे. डॅनिश इतिहासकार साक्सो आणि ‘क्निट्लिंगा साग’ यांच्या मते कोट खुद्द हाराल्डने वसवला किंवा तेथे शिबंदी ठेवली. म्हणजे एका कथेत संघ राजाच्या शत्रूने उभारलेला, तर दुसरीत राजाच्याच पदरचा. दुसरी बाजू जुळायला सोपी आहे. ब्रेमेनचा आडाम याने सु. १०७५ मध्ये लिहिले आहे, की मुलगा स्वेन याच्या बंडात जखमी झालेला हाराल्ड पळून स्लाव्हांच्या यूम्ने नगरात गेला आणि तेथेच वारला. हाराल्डला त्या किनाऱ्यावर आसरा मिळू शकत होता, एवढे तरी यावरून दिसते.

आडामचे यूम्ने, साक्सोचे यूलिन, सागांचे योम आणि आजच्या पोलंडमधील ओडर नदीच्या मुखाजवळचे वोलिन ही एकाच जागेची नावे असावीत, असे बहुतेक मानतात. ध्वनिशास्त्रदृष्ट्या ही सारी रूपे एकमेकांत सहज बसत नाहीत, ही अडचण आहेच. आडामच्या ग्रंथाच्या नकला करताना ‘यूम्ने’चे वाचन चुकत गेले आणि त्यातूनच समुद्रात बुडालेल्या ‘विनेटा’ नगराची दंतकथा जन्मली, असे मानले जाते. जर्मन किनाऱ्यावरची काही गावे आजही त्या नगरावर हक्क सांगतात. वोलिनमध्ये १९३० च्या दशकात जर्मन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर व्वादिस्वाव फिलिपोव्याक याच्या नेतृत्वाखाली पोलिश पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. लाकडी धक्के, कारागिरांची घरे, दूरदेशीच्या व्यापाराच्या खुणा आणि चार तोंडांची एक चिमुकली लाकडी देवमूर्ती सापडली. वस्ती मुख्यतः स्लाव्ह होती; स्कँडिनेव्हियन वस्तू आहेत, पण त्या व्यापारी पेठेत सापडाव्यात तशा. सागेत वर्णिलेली दगडी कमान, लोखंडी दारांनी बंद होणारे बंदर आणि कमानीवरचा दगडफेकी यंत्रांचा बुरूज यांचा मागमूस नाही. तसा तो दहाव्या शतकातल्या बाल्टिक किनाऱ्यावर मिळण्याची अपेक्षाही नव्हती. हे वर्णन धर्मयुद्धांच्या काळातल्या किल्ल्यांचे आहे.

नियम : पाल्नाटोकीने घालून दिलेले नियम सागेत सलग दिले आहेत. वय १८ पेक्षा कमी व ५० पेक्षा जास्त नसावे. आपल्या तोडीच्या, तेवढ्याच शस्त्रांनिशी उभ्या असलेल्या शत्रूपुढून पळू नये. प्रत्येकाने दुसऱ्याचा सूड सख्ख्या भावाचा घ्यावा तसा घ्यावा. भीतीचा शब्द काढू नये. लूट लहान असो वा मोठी, निशाणापाशी आणून ठेवावी. आपसांत भांडण उकरू नये. बाहेरची बातमी कानावर आली तर ती परस्पर न पसरवता प्रमुखाला सांगावी. कोटात बाई आणू नये. तीन रात्रींपेक्षा जास्त बाहेर राहू नये. भरती होताना नातेगोते, शिफारस चालणार नाही; आणि भरती झालेल्या दोघांत आधीचे खुनाचे वैर निघाले, तर निवाडा प्रमुखाचा. नियम मोडणाऱ्याला शिक्षा एकच, हकालपट्टी.

बातमीचा नियम सहज नजरेतून निसटतो, पण खरे तर सर्वांत लष्करी नियम तोच आहे. अफवेने फौज मोडते, हे तो लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

रचना व दर्जे : नियमांच्या मानाने दर्जांविषयी साग फारच कमी बोलते. आधुनिक कल्पित कथांत आणि संगणकीय खेळांत या संघाला जी पदांची लांबलचक उतरंड दिली जाते, तिला मूळ साधनांत आधार नाही. दिसतात ते तीनच थर. वर एक प्रमुख. आधी पाल्नाटोकी, त्याच्यानंतर सिग्वाल्डी. मधल्या थरात स्वतःची जहाजे व माणसे घेऊन आलेले नायक : सिग्वाल्डीचा भाऊ उंच थोर्केल, बोर्नहोल्म बेटावरचे जाडा बूई व त्याचा भाऊ सिगुर्द, पाल्नाटोकीचा नातू वाग्न. खाली उरलेले सगळे, आपसांत समान. नायकाने आणलेली माणसे आपोआप भरती होत नसत. सिग्वाल्डीबरोबर आलेल्यांपैकी बऱ्याच जणांना पारखून परत पाठवले गेले. कुळाचा मान दाराबाहेर ठेवायचा, हा नियम प्रत्यक्षात किती पाळला जाई, हे मात्र वाग्नवरून कळते. बारा वर्षांचा हा पोर दोन जहाजे घेऊन आला आणि प्रवेश नाकारताच सिग्वाल्डीला लढाईचे आव्हान देऊन बसला. लढाईत त्याची सरशी होऊ लागली, तेव्हा वयाची अट सोडून त्याला आत घेतले. तो पाल्नाटोकीचा नातू नसता, तर ही लढाई होऊ दिली असती का, हे सागकार विचारत नाही. सिग्वाल्डीच्या अमलात शिस्त ढिली झाली, बायका दोन-तीन रात्री कोटात राहू लागल्या आणि आपसांत खून पडू लागले, हेही तो एका दमात सांगून टाकतो.

शिलालेखांतला शब्दसंग्रह अधिक भरवशाचा आहे. स्कोने प्रांतातील हेलेस्टाड येथील सु. १००० च्या रुणशिळेवर (रुण या जुन्या उत्तर युरोपीय लिपीत कोरलेल्या शिळेवर) आस्केल नावाच्या इसमाने आपल्या धन्याचे, गोर्मपुत्र टोकी याचे स्मारक केले आहे. धनी ‘उप्सालाजवळ पळाला नाही’ असे तो सांगतो आणि पुढे ‘द्रेंगां’नी आपल्या ‘भावा’साठी शिळा उभारल्याचे येते. द्रेंग म्हणजे तरणाबांड लढवय्या, मराठीत जवळचा शब्द ‘गडी’. एकच मनुष्य धनीही आहे आणि भाऊही. वर प्रमुख, खाली बंधुत्व, ही जोडणी म्हणजे सागकाराची निव्वळ कल्पना नव्हे, असे यावरून म्हणता येते. टोकी योमचा होता, असे मात्र शिळा सांगत नाही. ते जोडकाम आधुनिक आहे.

नियमांचा उगम : सागेतील नियमांना सर्वांत जवळचे आहे ते डेन्मार्कमधील ‘विदरलोव’ हे राजसैनिकांच्या नियमांचे संकलन. डॅनिश इतिहासकार स्वेन आगेसेन याने ते सु. ११८० च्या दशकात लॅटिनमध्ये उतरवले आणि डेन्मार्क व इंग्लंडचा राजा क्नूट याच्या इंग्लंडमधील पथकाचे म्हणून सादर केले. साक्सोनेही तेच केले. यात दर्जा ठरतो तो पंगतीत. पराक्रम, सेवेचा काळ आणि कूळ पाहून जेवणाच्या बाकावर जागा मिळे. सोबत्याच्या घोड्याची हेळसांड यांसारखी किरकोळ चूक झाली, की गडी एक जागा खाली सरके. चुका करतच राहिला, तर सर्वांत शेवटी बसवला जाई आणि वरच्या बाकांवरून चघळलेली हाडे त्याच्या अंगावर भिरकावण्याची इतरांना मुभा असे. सोबत्याचा खून करणारा मात्र ‘निदिंग’, म्हणजे नीच ठरून पथकातून आणि देशातून जाई.

हे खरोखर क्नूटच्या काळचे (१०१६–३५) की बाराव्या शतकातले, यावर मोठा वाद आहे. इंग्लंडच्या राजगृहाचा अभ्यास करणाऱ्या एल. एम. लार्सन याने १९०४ मध्ये ते बरेचसे विश्वसनीय धरले आणि क्नूटचे हाउसकार्ल (राजाच्या पदरचे लढवय्ये) म्हणजे योमच्या नमुन्यावरचा नियमबद्ध संघ असल्याचे मांडले. १९८० च्या दशकात निकोलस हूपर याने उलट दाखवले, की इंग्लंडमधल्या समकालीन कागदपत्रांत हाउसकार्ल इतर जमीनदार सेवकांहून वेगळे दिसत नाहीत. हूपरची बाजू भक्कम वाटते. उंच थोर्केल पुढे इंग्लंडमध्ये आधी तेथील राजा एथेलरेडच्या आणि मग क्नूटच्या चाकरीत होता, हे इतिहासाला धरून आहे. पण त्याने योमचे नियम सोबत नेले, हा धागा फार बारीक आहे. टेम्पलरांसारखे लढाऊ धर्मसंघ बाराव्या शतकात युरोपभर माहीत झाले होते. ब्रह्मचर्य, सामायिक मिळकत, एकाच प्रमुखाची आज्ञा या गोष्टी सागकाराला दहाव्या शतकात शोधायला जाण्याची गरज नव्हती.

ज्यांना पदांची खरी उतरंडच हवी, त्यांनी नॉर्वेच्या राजाच्या ‘हिर्द’कडे वळावे. मराठीत ‘हुजरात’ हा प्रतिशब्द चालेल, पण पुरा पडणार नाही, कारण हिर्द फौजही होती आणि दरबारही. १२७० च्या दशकातील हिर्दस्क्रा या नियमग्रंथात खालच्या बाजूला मेणबत्त्या धरणारे ‘केर्तिस्वेन’, मग निम्म्या वेतनावरचे ‘गेस्तिर’ (यांच्याकडे टेहळणीची व राजाचे शत्रू हुडकण्याची कामे), मग खास ‘हिर्दमन’ आणि वर निशाणदार, स्टालर इत्यादी अधिकारी येतात.

हियोरुंगावाग : सागेनुसार आपल्या पित्याच्या श्राद्धभोजनात, डेन्मार्कचा राजा स्वेनने पाजलेल्या मद्याच्या भरात सिग्वाल्डीने नॉर्वेचा सत्ताधीश हाकोन यार्ल (यार्ल म्हणजे बडा सरदार) याला हाकलण्याची शपथ घेतली आणि इतरांनी त्यावर कडी केली. परिणाम म्हणजे हियोरुंगावागची आरमारी लढाई, रूढ तारीख ९८६ च्या सुमाराची. पश्चिम नॉर्वेतील सुन्मोर भागात ती झाली. नेमकी खाडी वादग्रस्त आहे. हाकोन जिंकला. सिग्वाल्डी निघून गेला, बूई सोन्याच्या पेट्यांसह समुद्रात उतरला आणि वाग्नसह काही जण पकडले गेले.

पुढचा शिरच्छेदाचा प्रसंग सागेचा कळस आहे. कैद्यांना ओंडक्यावर ओळीने बसवलेले आहे. त्यातला एक म्हणतो, की डोके उडाल्यावर माणसाला शुद्ध राहते का, यावर आमची योम्सबोर्गात फार चर्चा व्हायची. शुद्ध राहिली तर हातातली ही झग्याची पिन तुझ्याकडे रोखीन. डोके उडाले आणि पिन खाली पडली. दुसरा आपले लांब केस रक्ताने भरू नयेत म्हणून एकाला ते धरायला सांगतो आणि घाव पडताना असा हिसका देतो, की धरणाऱ्याचेच हात तुटतात. हाकोनचा मुलगा एरिक हसतो आणि उरलेल्यांना जीवदान देतो. हा प्रसंग इतिहास म्हणून कोणी घेत नाही, पण बाराव्या-तेराव्या शतकातल्या आइसलँडला आदर्श योद्धा कसा हवा होता, याचे याहून चांगले साधन नाही.

डेन्मार्कमधील ट्रेलेबोर्ग या वर्तुळाकार कोटाचे उत्खनन १९३४–४२ मध्ये पाउल न्योर्लुंड याने केले. एकसारख्या मापाच्या सोळा घरांची कवायती मांडणी पाहून योम्सबोर्गचा नमुनाच सापडला, असे काहींना वाटले. लाकडाच्या वलयांवरून कोट ९८०–८१ चा ठरला, म्हणजे काळ जुळतो. पण तेथील दफनभूमीत बायका आणि मुलेही निघाली. पुरलेल्यांच्या दातांतील स्ट्रॉन्शियमच्या तपासणीतून (२०११) बरेच तरुण बाहेरदेशीचे असल्याचे दिसले.

योमवर नॉर्वेचा राजा माग्नुस याने १०४३ मध्ये हल्ला करून ते जाळले. त्याचा कवी आर्नोर याची कडवी याला साक्ष आहेत. त्या कडव्यांत जळणारे वेंड आहेत. योम्सव्हायकिंग तोवर तेथे होते की नाही, याचा त्यांत उल्लेख नाही.