दुःखातील आनंद (ख्रिस्ती धर्म)

दुःखातील आनंद : संकट, छळ, आजार किंवा वियोग सोसत असतानाही देवावरील भरवशामुळे टिकून राहणारा आनंद आणि त्या सोसण्यातून श्रद्धेला येणारी परिपक्वता, हा ख्रिस्ती धर्मविचारातील एक मूळ विषय. दुःख स्वतः चांगले असते, असे ही शिकवण म्हणत नाही. लाजर या मृत मित्राच्या कबरेपाशी येशू रडला आणि क्रूसावरील मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत ‘हा प्याला टळो’ अशी त्याने विनवणी केली. त्यामुळे अश्रू ढाळणाऱ्याला अल्पविश्वासी ठरवण्याला ख्रिस्ती धर्मात आधार नाही.

या विचाराची पाळेमुळे जुन्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपूर्व भागात, आहेत. अंजिराला फुलोरा नाही, वेलींना द्राक्षे नाहीत, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरीही मी परमेश्वराच्या ठायी उल्हास करीन, असे हबक्कूक संदेष्टा म्हणतो. स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. बहुतेकांचा शेवट स्तुतीने होतो. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. तेही उपासनेच्या ग्रंथात राखले गेले, ही गोष्ट फार मोलाची आहे.

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशू व त्याच्या अनुयायांविषयीच्या भागात, याकोबाचे पत्र आरंभीच सांगते, की नाना परीक्षांना तोंड द्यावे लागले तर तो आनंदच माना, कारण विश्वासाच्या पारखीतून धीर उत्पन्न होतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल हा आद्य ख्रिस्ती प्रेषित संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा असा क्रम लावतो. ही आशा फसवत नाही, कारण देवाची प्रीती पवित्र आत्म्याच्या द्वारे अंतःकरणात ओतली गेली आहे, असे पुढे जोडतो. हा शेवटचा भाग प्रवचनांतून अनेकदा गळतो. दुःखाने माणूस आपोआप मोठा होत नाही, कडवटही होतो. घडवणारा देव आहे, अशी पौलाची धारणा होती.

या आनंदाचे सर्वांत स्पष्ट चित्र फिलिप्पैकरांस पत्रात आहे. फिलिप्पै नगरात पौल व त्याचा सहकारी सीला यांना छड्यांनी मारून, पाय खोड्यात अडकवून तुरुंगात टाकले होते आणि मध्यरात्री ते स्तोत्रे गात होते, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या नव्या करारातील पुस्तकात येते. त्याच नगरातील ख्रिस्ती मंडळीला (श्रद्धावंतांच्या समुदायाला) पौलाने पुढे कैदेतून हे पत्र लिहिले. परंपरेनुसार रोमहून, तर काही अभ्यासकांच्या मते इफिस किंवा कैसरियाहून. अवघ्या चार अध्यायांत आनंदाचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. पण त्यातच एपफ्रदीत हा सहकारी मरणाच्या दारातून परतल्याची हकीकत आहे. देवाने त्याच्यावर दया केली आणि मला दुःखावर दुःख होऊ दिले नाही, असे पौल लिहितो. ‘सर्वदा आनंद करा’ म्हणणारा माणूस मित्राच्या मरणाच्या नुसत्या शक्यतेने किती हलला होता, हे त्यातून दिसते.

पुढील शतकांत ही परंपरा तुरुंगांतून बहरली. इ. स. २०३ मध्ये कार्थेज येथे हुतात्मा झालेल्या पर्पेतुआ या तरुण मातेच्या कैदेतील आठवणी उपलब्ध आहेत. तान्हे बाळ जवळ मिळाले तेव्हा तुरुंग राजवाडा वाटू लागला, असे ती सांगते. संत जॉन ऑफ द क्रॉस यांना १५७७–७८ मध्ये त्यांच्याच संन्यासी संघातील विरोधकांनी टोलेडो येथे कोंडले. त्या अंधाऱ्या कोठडीत त्यांनी काव्य रचले आणि देव हरवल्यासारखा वाटण्याचा काळही आत्म्याच्या शुद्धीचा असू शकतो, हा विचार पुढे विस्ताराने मांडला. नाझी राजवटीने ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिलेले धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांची कैदेत रचलेली नववर्षाची कविता जर्मन चर्चमध्ये गीत म्हणून गायली जाते.

महाराष्ट्रात या विचाराचे सर्वांत भरीव उदाहरण पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) आहे. आईवडील व मोठी बहीण दुष्काळाच्या काळात गेली. मग भाऊ गेला आणि १८८२ मध्ये पती. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मनाला शांती देणारी ख्रिस्ताची ओळख मात्र त्यानंतर काही वर्षांनी झाली, असे त्यांनी स्वतः नोंदवले आहे. भूक काय असते ते त्यांनी अंगावर सोसले होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती मिशन त्यातून वाढले. स्वतःचे दुःख इथे दुसऱ्याच्या पानातली भाकरी झाले. आध्यात्मिक वाढीची याहून खरी खूण सांगता येणार नाही. १९०५ मध्ये तेथे प्रार्थनेतून मोठे धर्मजागरण झाले. जुलै १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम रमाबाईंनी सोडले नाही.

या शिकवणीचा गैरवापरही झाला आहे. गुलामांना, मार खाणाऱ्या बायकांना, उपेक्षितांना ‘हा तुझा क्रूस आहे, सोस’ असे सांगितले गेले. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डोरोथे झोले यांनी १९७३ मध्ये यावर कठोर टीका केली. पेरूचे धर्मशास्त्रज्ञ गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी ईयोबाचे पुस्तक, म्हणजे दोष नसताना सर्वस्व गमावणाऱ्या ईयोबाची जुन्या करारातील कथा, निरपराधांच्या दुःखाच्या बाजूने वाचले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी दुःखाच्या ख्रिस्ती अर्थावर १९८४ मध्ये प्रेषितपत्र काढले. त्यात दुःखाच्या तारक अर्थाबरोबर चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्याला, म्हणजे वाटेवर पडलेल्या जखमी माणसापाशी थांबण्याला, मोठे स्थान आहे. सोसणाऱ्याने स्वतः दिलेली आनंदाची साक्ष आणि बाहेरच्याने त्याच्यावर लादलेला आनंद यांत म्हणूनच फरक करावा लागतो. ईयोबाला दोष देऊ लागण्याआधी त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट बसले होते, तोवर त्यांचे काही चुकले नव्हते.