सहा चेंबर, एक नळी : नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये चुकतं काय?

पिस्तुलात काडतूस जिथे बसतं तो चेंबर हा नळीचाच मागचा भाग असतो. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर वेगळा, नळी वेगळी आणि दोघांना धरणारी फ्रेम तिसरी. दर वेळी नवा चेंबर फिरून नळीसमोर नेमका यावा लागतो. म्हणजे सहा चेंबरचं रिव्हॉल्व्हर ही मोजमापाच्या दृष्टीने एका नळीच्या सहा बंदुका असतात. त्यातली पाच बरोबर आणि एक चुकीची, असंही सर्रास घडतं.

याचं मूळ टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालवून घेतलेल्या फरकांच्या बेरजेत आहे. एकापुढे एक बसणाऱ्या पाच भागांत प्रत्येकी ±०.०२ मि.मी. इतकी सूट दिली, तर बहुतेक नग ±०.०४५ मि.मी.च्या आत बसतात. पण सगळ्या चुका एकाच दिशेला पडल्या, तर फरक ०.१ मि.मी.पर्यंत जातो. पूर्वी अमेरिकेतल्या मोठ्या कारखान्यांत फिटर कानशीने हा फरक काढून टाकायचा. १९५५ साली आलेल्या कोल्ट पायथन या रिव्हॉल्व्हरचं नाव बरंचसं या हातकामामुळे झालं. आता सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) यंत्रांवर भाग पूर्वीपेक्षा सारखे निघतात, पण हातकाम महाग झालं आहे, आणि उरलेला फरक गिऱ्हाइकाच्या हाती जातो.

अमेरिकेत कायद्याने प्रूफ चाचणीची सक्तीही नाही. ब्रिटनमध्ये लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचा शिक्का लागतो, अमेरिकेत मात्र कंपन्या आपापल्या पातळीवर जादा दाबाचं काडतूस उडवून बघतात. अर्थात, या चाचणीतून हत्यार फुटत नाही एवढंच कळतं. नेम लागेल की नाही, हे तिच्यातून कळत नाही.

तपासणीची सुरुवात रिकाम्या हत्याराने, सहाही चेंबर डोळ्यांनी पाहून आणि बोटाने चाचपून. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट ०.१० ते ०.२० मि.मी. असावी. ती आधी सिलिंडर मागे दाबून मोजायची, मग पुढे दाबून. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे सिलिंडरची पुढे-मागे हालचाल. ती ०.०५ मि.मी.पेक्षा जास्त असेल, तर आधी पातळ वॉशर घालून ती काढावी. हे न करता पुढचं काहीही मोजलं तर ते फुकट जातं.

फट शून्याच्या जवळ असावी असं वाटणं साहजिक आहे, कारण तिच्यातून गॅस निसटतो आणि गोळीचा वेग कमी होतो. पण ४० मि.मी. लांबीचा पोलादी सिलिंडर १०० अंश सेल्सियसने तापला की सुमारे ०.०५ मि.मी. वाढतो. वर काजळी आणि शिशाचे कण साचतात. ०.०५ची सुरेख फट घेऊन निघालेलं रिव्हॉल्व्हर दोन-चार फैरींत जाम होऊ शकतं. उलट ०.३०च्या फटीतून बाजूला उडणारा गॅस पुढे धरलेल्या बोटाला इजा करतो.

मोठी फट बुजवणं जिकिरीचं असतं. स्मिथ अँड वेसन कंपनीच्या रिव्हॉल्व्हरच्या नळीला इंचात ३६ आटे असतात. नळीवरची माशी (नेम धरायची खूण) बरोबर वर यायला हवी, म्हणून नळी पूर्ण एक फेरा आत घ्यावी लागते, म्हणजे सुमारे ०.७ मि.मी. त्यासाठी नळीचा खांदा तेवढा कापायचा, तोंड घासून फट पुन्हा जुळवायची आणि गोळीला वाट देणारा शंकू रीमरने (भोक मापात कापायच्या हत्याराने) नव्याने कापायचा.

याच आट्यांपाशी कारखान्यातली आणखी दोन दुखणी असतात. नळी एका अंशाने कमी-जास्त आवळली गेली की माशी कलते. माशी नळीच्या मध्यापासून १८ मि.मी. वर आणि पुढच्या-मागच्या माश्यांत १५० मि.मी. अंतर असेल, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ५ सें.मी. बाजूला लागते. आणि नळी फार जोराने आवळली तर आट्यांच्या जागी आतलं भोक आवळतं. मऊ शिशाचा तुकडा नळीतून ढकलला की फ्रेमपाशी तो अडतो, हीच खूण. १९६८ साली सुरू झालेल्या डॅन वेसन कंपनीने यावर छान तोड काढली : नळी आणि तिचं बाहेरचं कवच वेगळं, पुढून नट, आणि फट मालकाने स्वतः गेजने लावायची. मोठ्या कंपन्यांनी ही रचना सरसकट का उचलली नाही, याचं नवलच वाटतं.

चेंबरच्या पुढच्या अरुंद भागाकडे सहसा कुणी बघत नाही, आणि नेम बिघडतो तो बहुधा तिथेच. कारखान्यातला रीमर झिजत जातो तसं भोक लहान होत जातं. रुगर कंपनीच्या, .४५ कोल्ट काडतुसाच्या ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमध्ये हे भोक ११.४३ मि.मी. निघाल्याच्या तक्रारी जुन्या आहेत, गोळी मात्र ११.४८. गोळी तिथे दबून बारीक होते, नळीत सैल पडते, बाजूने गरम गॅस घुसतो आणि नळीला शिसं चिकटतं. सुट्या सिलिंडरमध्ये पुढून शिशाची गोळी पेन्सिलीने ढकलून पाहा. हलक्या दाबाने गेली तर ठीक, अडली तर भोक लहान, आपोआप पडली तर मोठं. लहान भोक पायलट (रीमरला भोकात सरळ ठेवणारा दांडा) असलेल्या हात-रीमरने ११.४९पर्यंत वाढवता येतं. भरपूर कटिंग ऑइल, फिरवणं एकाच दिशेने, बाहेर काढतानाही. मोठ्या भोकाला सिलिंडर बदलण्यावाचून इलाज नाही.

टायमिंग, म्हणजे चेंबर वेळेवर नळीसमोर येतो की नाही, हे पाहायला सिलिंडरला बोटाचा अगदी हलका अटकाव देऊन घोडा सावकाश चढवायचा. घोडा अडकण्याआधी सिलिंडर खाचेत बसला पाहिजे, सहाही वेळा. एखादा चेंबर मागे राहिला तर गोळी शंकूच्या कडेला घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. स्मिथ अँड वेसनमध्ये सिलिंडर ढकलणारा पंजा किंचित जाड घेऊन, घासून बसवला की बहुधा काम भागतं.

सगळ्यात शेवटी चाप. गिऱ्हाईक मात्र तिथूनच सुरुवात करतं. घोडा न चढवता ओढायला नव्या रिव्हॉल्व्हरच्या चापाला ५ ते ६ किलो जोर लागतो. चापाला परत आणणारी स्प्रिंग १८ पौंडांऐवजी १४-१५ची घातली आणि सरकणारे पृष्ठभाग बारीक दगडाने गुळगुळीत केले की तो चारच्या आसपास येतो. मुख्य स्प्रिंगचा स्क्रू सैल करणं ही चोरवाट आहे : घोडा हलका पडतो आणि काडतुसाच्या बुडातला कडक प्रायमर पेटत नाही. जुन्या भागांवर कडक थर पातळ असतो, दगड त्याच्या पार गेला की खाली मऊ लोखंड. चाप घोड्याच्या खाचेत अडकतो त्या कोनाला तर हातच लावू नये. काम झाल्यावर रिकाम्या हत्याराचा घोडा चढवून मागून अंगठ्याने जोरात दाबायचा. चाप न ओढता सुटला, तर ते भाग बदलायचेच.

भारतात १९५९च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार शस्त्रांची दुरुस्ती आणि चाचणी व्यवसाय म्हणून करायलाही परवाना लागतो. कानपूरच्या कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर घेतलेल्या परवानाधारकाने फीलर गेजने आकडे टिपून घ्यावेत आणि कापाकापी परवानाधारक कारागिरावर सोपवावी.