कुत्रीचा माज

पाळीव कुत्री नराशी संयोगास आणि गर्भधारणेस योग्य होते, त्या शारीरिक अवस्थेस माज म्हणतात. शहरी बोलीत ‘हीटवर येणे’ असाही प्रयोग रूढ आहे. माजाची बाह्य लक्षणे बहुतेक पाळणाऱ्यांच्या परिचयाची असतात. तथापि ही लक्षणे आणि गर्भधारणा होऊ शकेल असे नेमके दिवस यांत कुत्रीच्या बाबतीत मोठे अंतर पडते. गाय, म्हैस किंवा शेळी यांच्या माजाच्या अनुभवावरून हे अंतर लक्षात येत नाही, आणि निरोगी माद्यांचे संयोग निष्फळ ठरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण चुकीचा दिवस हेच मानले जाते.

पहिला माज लहान चणीच्या जातींत साधारणपणे ६ ते १२ महिन्यांच्या वयात येतो. मोठ्या जातींत तो दीड वर्षापर्यंत, क्वचित दोन वर्षांपर्यंत लांबतो. पुढील माज सरासरी ७ महिन्यांनी येत असला, तरी ५ ते ११ महिन्यांचे अंतर स्वाभाविक समजतात. आफ्रिकेतील बसेंजी आणि तिबेटी मॅस्टिफ या जाती लांडग्याप्रमाणे बहुधा वर्षातून एकदाच माजावर येतात. पहिल्या माजात मादीची शारीरिक वाढ पूर्ण झालेली नसते. त्यामुळे त्या वेळी संयोग टाळावा, याविषयी पशुवैद्यकांत फारसा मतभेद नाही.

ऋतुचक्राचे चार काल मानतात. पूर्वमदकाल सरासरी ९ दिवसांचा असतो. त्यात योनिमुख सुजते, रक्तमिश्रित स्राव होतो आणि नर आकर्षित होतात, परंतु मादी त्यांना जवळ येऊ देत नाही. हा स्राव म्हणजे स्त्रियांची मासिक पाळी नव्हे. पाळीतील रक्तस्राव अंडमोचनानंतर (अंडाशयातून अंडकोशिका बाहेर पडल्यानंतर) गर्भाशयाचे अस्तर गळून पडल्याने होतो, तर कुत्रीचा स्राव अंडमोचनापूर्वी इस्ट्रोजेन या स्त्रीहॉर्मोनच्या प्रभावाखाली केशवाहिन्यांतून झिरपलेल्या रक्तपेशींमुळे होतो. यानंतरच्या मदकालात, जो सरासरी ९ दिवसांचाच असतो, स्राव सामान्यतः फिकट होतो, सूज मऊ पडते आणि मादी नरासमोर स्थिर उभी राहून शेपूट एका बाजूस वळवते. शेपटीच्या बुडाशी किंवा मांडीच्या मागील भागास हात लावला असताही ही प्रतिक्रिया दिसते. दोन्ही कालांच्या मर्यादा मात्र अत्यंत अनिश्चित आहेत. पूर्वमदकाल ३ दिवसांत आटोपल्याची आणि दोन आठवड्यांहून अधिक लांबल्याचीही उदाहरणे मिळतात. पुढे सुमारे दोन महिन्यांचा उत्तरमदकाल आणि त्यानंतर काही महिन्यांचा विश्रामकाल येतो.

ही विभागणी मुख्यतः ब्रिटिश जीववैज्ञानिक वॉल्टर हीप यांनी १९०० मध्ये सस्तन प्राण्यांसाठी सुचवलेल्या परिभाषेवर आधारलेली आहे. कुत्रीला ती लावताना मदकालानंतरच्या कालाची सुरुवात कोठे धरावी, याबद्दल एकवाक्यता नव्हती. हर्बर्ट एव्हान्स आणि हॅरल्ड कोल यांनी १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानंतर योनिलेपाच्या (योनीच्या अस्तरावरून घेऊन काचेवर पसरलेल्या पेशींच्या) सूक्ष्मदर्शी परीक्षेला महत्त्व आले. पुढे १९७० च्या दशकात बीगल माद्यांवरील निरीक्षणांतून होल्स्ट आणि फेमिस्टर यांनी लेपातील पृष्ठपेशींचे (अस्तराच्या सर्वांत वरच्या थरातील पेशींचे) प्रमाण एकाएकी घटते तो दिवस उत्तरमदकालाचा पहिला दिवस मानला. मादीने नराला नाकारण्याच्या दिवसापेक्षा हा मापदंड अधिक विश्वसनीय वाटतो, कारण नकार हा मादीच्या स्वभावावर आणि समोरच्या नरावरही अवलंबून असतो. मात्र लेपावरून हा दिवस उलटल्यावरच कळतो. प्रसूतीची तारीख काढण्यास तो उपयोगी पडतो (त्यापासून सुमारे ५७ दिवस), संयोग ठरवण्यास नाही.

अडचणीचे मूळ अंडकोशिकेच्या परिपक्वतेत आहे. बहुतेक सस्तन प्राण्यांत अंडाशयातून बाहेर पडणारी अंडकोशिका फलनास सिद्ध असते. कुत्रीत ती अपक्व अवस्थेत बाहेर पडते आणि अंडवाहिनीत तिला परिपक्व होण्यास आणखी दोन ते तीन दिवस लागतात. अंडमोचनास चालना देणाऱ्या पीतपिंडकारक हॉर्मोनची (एलएच) रक्तातील पातळी एकदम उसळते तो दिवस शून्य धरला, तर अंडमोचन सुमारे दुसऱ्या दिवशी होते, आणि फलनक्षम काल साधारण चौथ्या ते सातव्या दिवसांदरम्यान पडतो. याउलट ताज्या वीर्यातील शुक्राणू मादीच्या जननमार्गात पाच ते सात दिवस टिकू शकतात. म्हणूनच आधी झालेला नैसर्गिक संयोगही फळतो, आणि एकाच संयोगापासून मोजलेला गर्भकाल ५७ ते ७२ दिवस इतका पसरलेला दिसतो; एलएचच्या उसळीपासून मोजल्यास तो जवळजवळ नेहमी ६४ ते ६६ दिवसांत बसतो. या संबंधाचा पाया कॉनकॅनन आणि सहकाऱ्यांच्या १९७५ मधील हॉर्मोनमापनाने घातला. ‘रक्त दिसल्यापासून अकरावा आणि तेरावा दिवस’ हा पाळणाऱ्यांतील प्रचलित नियम सरासरी मादीपुरता ठीक आहे. काही माद्यांत फलनक्षम काल सातव्या-आठव्या दिवशी, तर काहींत विसाव्या दिवसानंतर येतो.

एलएचची उसळी थोडा काळच टिकते, त्यामुळे ती पकडण्यास रोज रक्त तपासावे लागते. व्यवहारात प्रोजेस्टेरॉनचे मापन सोयीचे ठरते, कारण कुत्रीत अंडमोचनापूर्वीच पुटकांचे (अंडकोशिका धारण करणाऱ्या अंडाशयातील पिशव्यांचे) पीतपिंडात, म्हणजे प्रोजेस्टेरॉन स्रवणाऱ्या पिंडात, रूपांतर सुरू होऊन हे हॉर्मोन वाढू लागते. पूर्वमदकालात त्याची पातळी प्रति मिलिलिटर १ नॅनोग्रॅमहून कमी असते. ती २ च्या आसपास पोहोचली की एलएचची उसळी, आणि ५ च्या आसपास पोहोचली की अंडमोचन झाले असे अनुमान करतात. नैसर्गिक संयोग त्यानंतर दोन ते चार दिवसांनी घडवतात. काही प्रयोगशाळा निकाल नॅनोमोल प्रति लिटर या एककात देतात. १ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर म्हणजे सुमारे ३.१८ नॅनोमोल प्रति लिटर. एकक न पाहता आकडा वाचल्यास ५ नॅनोमोल, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे दीड नॅनोग्रॅम, पातळीलाच अंडमोचन झालेले वाटते. अतिशीत वीर्य वितळल्यावर जेमतेम दिवसभर टिकते. कृत्रिम रेतनासाठी ते वापरायचे असल्यास या मापनाला पर्याय नाही. योनिलेपात ८० ते ९० टक्क्यांहून अधिक केराटिनयुक्त पृष्ठपेशी दिसणे ही पूरक खूण आहे. तिने मदकाल कळतो, अंडमोचनाचा दिवस नाही. कुत्रीतील कृत्रिम रेतनाचा पहिला नोंदलेला यशस्वी प्रयोग इटालियन शास्त्रज्ञ लाझारो स्पालान्झानी यांचा असून तो सामान्यतः १७८० च्या सुमाराचा मानतात.

माज ऋतुबद्ध असतो काय, हा वादाचा विषय आहे. मराठी मुलखात कुत्र्यांचा हंगाम भाद्रपदात असतो अशी जुनी समजूत असून ती वाक्प्रचारांतही उतरली आहे. पाठ्यग्रंथ मात्र कुत्रीला ऋतुनिरपेक्ष मानतात. पश्चिम बंगालमधील काटवा येथील मोकाट कुत्र्यांच्या निरीक्षणांत संयोग मुख्यतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात आढळले, आणि जयपूर येथील नसबंदी कार्यक्रमाच्या नोंदींतही गाभण माद्यांचे प्रमाण पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत वाढलेले दिसले. त्यामुळे मोकाट देशी कुत्र्यांपुरती लोकसमजूत निराधार म्हणता येत नाही. घरात वाढलेल्या विदेशी जातींना मात्र ती लागू करू नये.

लक्षणांवर विसंबण्यात आणखी काही अपवाद संभवतात. काही माद्यांत स्राव व सूज इतकी अल्प असते की माज ध्यानातच येत नाही. तरुण माद्यांत कधी पूर्वमदकाल अंडमोचनाविना ओसरतो आणि काही आठवड्यांनी खरा माज येतो. माज संपल्यावर एक-दोन महिन्यांत सतत तहान, सुस्ती व दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यास तो नवा माज नसून गर्भाशयात पू झाल्याचे चिन्ह असू शकते, आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात.

नर साधारण वर्षाच्या आतबाहेर वयात येतो आणि पुढे बारमाही संयोगक्षम असतो. संयोगानंतर नर-मादी ५ ते ३० मिनिटे अडकून राहतात. त्यांना ओढून वेगळे केल्यास दोघांनाही इजा होते. संयोगापूर्वी दोघांची ब्रुसेला कॅनिस या जीवाणूसाठी तपासणी इष्ट असते, कारण त्याने गर्भपात व वंध्यत्व येते. भारतात श्वानपैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार नोंदणीकृत पैदासकाराने १८ महिन्यांहून कमी वयाच्या कुत्र्यांचा पैदाशीसाठी वापर करू नये आणि एका मादीची वर्षातून एकाहून अधिक विणी घेऊ नये.